शब्दचर्चा : 'फसलेली' की 'फसवलेली'?

शब्दवेडी : व्हिक्टोरियन कादंबऱ्यांवर लिहिताना 'फॉलन वुमन' हा शब्द पदोपदी आडवा येतो. कोशात 'पतिता' मिळतं. थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स'मधल्या (१८९१) टेसला 'पतिता' म्हणायला मन धजत नाही. आणि पुस्तकाच्या उपशीर्षकात तिला 'प्युअर वुमन' म्हटलंय, तिथे काय योजावं?

धांडोळा : 'पतिता' हा शब्द तिच्याकडे बोट दाखवणाऱ्यांच्या तोंडी ठेवा, निवेदनात नको. 'पाऊल घसरलं', 'वाकडं पाऊल पडलं' यांतही तीच खोच आहे. पाऊल तिचं, घसरली तीच, ढकलणारा वाक्यात नाहीच. मराठीत ही अडचण प्रयोजक रूपाने सुटते. 'फसलेली' ऐवजी 'फसवलेली' म्हटलं की फसवणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

इंग्लंडच्या कायद्यातही हा कर्ता असाच हरवलेला होता. मुलीला नादी लावल्याचा दिवाणी दावा तिला स्वतःला लावता येत नसे. तो बाप किंवा मालक लावी, आणि तोही 'तिच्या कामाला मुकलो' या सबबीवर. गरिबांच्या मदतीविषयीच्या १८३४च्या कायद्याने अनौरस मुलाच्या पोषणाचा भार आईवर टाकला. १८४४ साली आईला बापाकडून खर्च मागण्याची सोय झाली, पण बाप कोण हे सिद्ध करण्याचं ओझं तिच्याच डोक्यावर राहिलं.

कोशप्रेमी : 'फसवलेली' मान्य, पण प्रत कोणती ते बघा. 'द ग्राफिक' साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः आली, तेव्हा संपादकांना रुचावं म्हणून हार्डीने, ज्याच्यापासून टेसला लग्नाआधी मूल होतं त्या ॲलेकचं, तिच्याशी खोटं लग्न घातलं होतं. तिथे 'फसवलेली' चपखल बसतं. पुस्तकात ते लग्न काढलं. तिथे ती रानात थकून झोपलेली आहे, आणि पुढचं हार्डी सांगत नाही. माझ्या मते तिथे 'फसवलेली'सुद्धा सौम्य पडतो, 'अत्याचार' लिहायला कचरू नये. मात्र तो तुमचा अन्वयार्थ असेल, मूळ शब्द नव्हे, हे टिपेत सांगा.

धांडोळा : 'प्युअर'साठी 'शुद्ध' नको. आपल्याकडे शुद्ध म्हटलं की सोवळं, शुद्धी, नाहीतर तूप आठवतं. 'निष्कलंक'मध्ये कलंकाचीच चाचपणी होते. 'पतिव्रता' तर नवऱ्याच्या मापाने मोजते, आणि इथे खोट त्या मापातच आहे. लग्नाच्या रात्री टेसचा नवरा एंजल लंडनमधल्या ४८ तासांच्या आपल्या भानगडीची कबुली देतो, टेस क्षमा करते. मग ती आपलं सांगते, तर तो तिला टाकतो. १८५७च्या घटस्फोट कायद्याचा काटाही असाच होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरे. बायकोला मात्र त्याच्या व्यभिचाराला जोडून क्रौर्य, परित्याग वगैरे काहीतरी दाखवावं लागे. हा भेद १९२३पर्यंत टिकला.

मी 'निर्मळ' घेईन. तो मनाबद्दल बोलतो, देहाची झडती घेत नाही.

शब्दवेडी : 'निर्मळ' पटला. 'डेअरीमेड'ला 'गवळण' चालेल?

कोशप्रेमी : छे! लगेच यमुनाकाठ आणि फुटलेले माठ डोळ्यांपुढे येतील. टेस मजुरीवर धारा काढते. 'धारा काढणारी मजूर मुलगी' लिहा, लांब झालं तरी चालेल.

खरा फसवा शब्द 'लाइफहोल्ड'. 'वतन' किंवा 'मिरास' लिहिलंत तर कथानकच कळणार नाही, कारण ते वंशपरंपरेने चालतं. हा 'तीन हयातींचा पट्टा'. पट्टा तिघांच्या आयुष्यांवर बांधलेला, त्यातलं शेवटचं माणूस गेलं की घर मालकाकडे. टेसचा बाप हा तो तिसरा. तो मरतो आणि जुन्या 'लेडी डे'ला, म्हणजे ६ एप्रिलला, कुटुंबाला बिऱ्हाड उचलावं लागतं. आठवड्याच्या भाड्यावर राहू दिलंही असतं, पण टेसची बदनामी आड आली. निराधार आई आणि धाकट्या भावंडांसाठीच ती पुन्हा ॲलेककडे जाते. म्हणून तिला 'अभागी' म्हणण्याआधी पट्ट्याची ही अट वाचकाला नीट कळू द्या.

धांडोळा : 'अभागी' अगदीच हद्दपार करू नका, दैवाला हार्डीही बोल लावतोच. आणि शेवटच्या परिच्छेदात, ॲलेकच्या खुनासाठी तिला फाशी दिल्यावर, 'न्याय' हा शब्द त्याने अवतरणचिन्हांत टाकलाय. मुद्रितं तपासणारा ती चिन्हं चूक समजून काढून टाकतो, तेवढं जपा.