जावात इंट अ‍ॅरेची लिस्ट केली की साईझ १ का येते?

नवशिका:
मंडळी डोकं फिरलंय. मार्कांचा इंट अ‍ॅरे आहे, ३५, ७२, ९०, ७२, ४१. अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्ट ला दिला तर साईझ १ येते आणि कंटेन्स(७२) विचारलं तर फॉल्स. एरर पण नाही. स्ट्रिंगच्या अ‍ॅरेला हेच केलं तर मस्त चालतं, मग इंटचंच काय वाकडं? अर्धा दिवस गेला यात.

चहाबाज:
तू लिस्टपुढे < > कंसात इंटिजर लिहिलंच नसणार, लिहिलं असतं तर कंपायलरनेच अडवलं असतं. जेनेरिक्सना, म्हणजे त्या < > मधल्या प्रकाराला, ऑब्जेक्टच लागतो, इंट ऑब्जेक्ट नाही पण इंटचा अख्खा अ‍ॅरे मात्र ऑब्जेक्ट आहे, मग जावा तो अख्खा डबाच एक वस्तू समजून लिस्टमध्ये ठेवतो. ऑटोबॉक्सिंग (इंटचा आपोआप इंटिजर ऑब्जेक्ट होणं) एकेका इंटचं होतं, अ‍ॅरेचं नाही. जावा ८ पासून हे कर:
अ‍ॅरेज.स्ट्रीम(मार्क्स).बॉक्स्ड().कलेक्ट(कलेक्टर्स.टूलिस्ट())
१६ किंवा पुढचं असेल तर बॉक्स्ड() नंतर थेट .टूलिस्ट() चालतं, फक्त त्या लिस्टमध्ये नंतर अ‍ॅड करायला गेलास की एक्सेप्शन.

जुना_खोड:
स्ट्रीम बिट्रीम ठीक आहे, पण साधा फॉर लूप आणि अ‍ॅरेलिस्टला अ‍ॅड, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं, मी अजून तेच लिहितो. साध्या कॅरेक्टरचा (char) अ‍ॅरे असेल तर तसंही अ‍ॅरेज.स्ट्रीम चालत नाही, ऑब्जेक्ट नसलेल्या साध्या प्रकारांत ते इंट, लाँग आणि डबललाच आहे. आणि एक खड्डा आत्ताच सांगतो. लिस्ट झाल्यावर रिमूव्ह(७२) लिहिलंस तर तो ७२ हा मार्क शोधत नाही, ७२ नंबरची जागा शोधतो आणि आपटतो. रिमूव्ह(इंटिजर.व्हॅल्यूऑफ(७२)) लिही, तेही पहिलाच ७२ काढतं. दोन इंटिजर == ने तपासू नकोस, -१२७ की -१२८ पासून १२७ पर्यंत कॅश असते (तोच तयार ऑब्जेक्ट परत मिळतो) म्हणून छोट्या आकड्यांवर बरोबर चालतं आणि मोठ्यांवर गंडतं. (-१२८ पासून, आत्ता बघितलं.) इक्वल्स वापर.

नवशिका:
हो हो, कंस नव्हतेच, कुठून तरी कॉपी मारलेलं. बॉक्स्ड ने चाललं, साईझ ५ आली! पण मग हॅशसेटमध्ये टाकून पाहिलं तर चारच मार्क दिसतायत, एक कुठे गेला?

चहाबाज:
७२ दोनदा आहे ना रे बाबा, सेट एकच ठेवतो.