पुरळ नाही, तरी सहा महिने खाज: वडिलांसाठी सल्ला हवा आहे

माजघर:
माझे वडील ७२ वर्षांचे असून नाशिकला आमच्याजवळ राहतात. दिवाळीपासून त्यांच्या अंगाला खाज सुटते. रात्री पाठ टेकली की ती वाढते आणि मग लाकडी फूटपट्टी घेऊन ते पाठ खाजवत बसतात. थंडीने कातडी कोरडी पडली असेल असे वाटले होते, पण आता उन्हाळा संपत आला. ॲलर्जीच्या गोळीने गुंगी येते, खाज मात्र जात नाही. रक्तदाबाची गोळी अनेक वर्षांपासून चालू आहे. कोणाला आणि काय विचारावे?

रानवारा:
मी त्वचारोगांवर उपचार करतो, पण रुग्ण न पाहता निदान करणे योग्य नाही, म्हणून काय पाहावे एवढेच सांगतो. सहा आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खाजेला आम्ही जुनाट खाज म्हणतो. पुरळ आधी आले की ओरखडे आधी आले, हा त्यातला पहिला प्रश्न. वडिलांची पाठ उजेडात नीट पाहा. जिथे त्यांचा हात किंवा फूटपट्टी पोहोचत नाही, तो मधला भाग स्वच्छ असेल आणि ओरखडे फक्त पोहोचेल तिथेच असतील, तर मूळ कारण त्वचेबाहेर असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी रक्ताची पूर्ण तपासणी, लोह, मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड आणि साखर पाहून घ्यावी. वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर थांबू नका.

ॲलर्जीच्या गोळीचा गुण येत नाही यात नवल नाही. ती गोळी हिस्टामिन या शरीरातल्या खाज आणणाऱ्या रसायनाला आवर घालते, म्हणून पित्त उठून अंगावर गांधी येतात तेव्हा तिचा उपयोग होतो. जुनाट खाजेत बहुतेकदा हिस्टामिनचा वाटा नसतोच. शिवाय गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, लघवी अडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वृद्धांना खाज सुटते. त्याविषयी डॉक्टरांना विचारावे, पण गोळी स्वतःहून बंद करू नये.

तोवर आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकावी, साबण फक्त काखेत व जांघेत लावावा आणि अंग टिपून ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे मलम भरपूर चोळावे. उटणे आणि कडुनिंबाचे कढत पाणी वापरत असाल तर कृपया बंद करा. कोरड्या कातडीवर तो अत्याचारच आहे.

चौथा_मजला:
आमच्या आईलाही असेच निदान न होता चार महिने गेले. शेवटी डॉक्टरांनी भिंगातून तिच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि खरूज निघाली. एरवी स्वच्छ असलेल्या घरात ती शंका कोणी घेत नाही. पर्मेथ्रिनचे मलम एकाच रात्री घरातल्या सगळ्यांनी लावायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे, असे सांगितले होते. आम्ही पहिल्यांदा फक्त आईला लावले आणि तिला पुन्हा लागण झाली. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, हे आधी कळले असते तर मलम फसले असे समजून आम्ही निष्कारण घाबरलो नसतो. तुमच्या घरात आणखी कोणाला खाज आहे का?

माजघर:
दोघांचेही आभार. घरात आणखी कोणालाच खाज नाही आणि बेचक्यांतही काही दिसले नाही. पाठीचा मधला भाग मात्र अगदी स्वच्छ आहे, हात पोहोचतो तिथे लाल रेघा आणि मध्ये गुळगुळीत कातडी. त्यांची नखेही घासून घासून आरशासारखी चकचकीत झाली आहेत, हे आज प्रथमच लक्षात आले. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला नेत आहे. फूटपट्टी कपाटावर ठेवली आहे, पण ते ती शोधतील.