ओलं फडकं लावू नका

चोरबाजारातली चांदण्यांच्या नक्षीची पेटी ओल्या फडक्याने पुसू का, असं कुणीतरी विचारलंय. अजिबात नको! वर्णनावरून हे सादेली काम वाटतंय. त्यात हस्तिदंत, आबनूस (काळं कठीण लाकूड), कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवायच्या, मग आडव्या पातळ चकत्या कापून लाकडावर बसवायच्या. १९व्या शतकात मुंबईत अशा पेट्या इतक्या बनल्या की परदेशात त्यांना 'बॉम्बे बॉक्स'च म्हणतात.

ओलाव्याने चकत्या चिकटवणारा सरस सुटतो. आमच्या गिरगावच्या घरी एका पावसाळ्यात आजीच्या पेटीच्या कोपऱ्यातली चांदणी उचकटली, तिळाएवढे तुकडे मी चिमट्याने वेचले. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, ओल येणाऱ्या भिंतीपासून पेटी लांब ठेवा. हस्तिदंत असेल तर विकू मात्र नका, कायद्याने बंदी आहे.

वापरा जरूर. आमच्या पेटीत आजीचे सुईदोरे अजून आहेत, झाकण उघडलं की चंदनाचा वास येतो.