अनुभव धागा: घरी मराठी, शाळेत गुजराती नि इंग्रजी. बालवाटिका (पहिलीच्या आधीचं वर्ष) ते तिसरी कसं निभावतं?

दांडियाबाजारवाली
बडोद्यात रावपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर पहिलीचं गुजराती 'ग म न ज' टांगलेलं दिसलं आणि जुनी पाटी आठवली. इथेही दोघी-तिघींनी विचारलं होतं, म्हणून धागा काढते. एकच विनंती, आपापल्या घरातल्या कथा नकोत. वर्गात काय करतात, कुठे अडतं नि का अडतं, तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. दोन भाषांच्या वर्गातला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे वाक्यागणिक भाषांतर. बेन (म्हणजे शाळेतल्या बाई) 'सिट डाऊन' म्हणतात आणि श्वास न घेता 'बेसी जाओ'. मूल हुशार असतं, मागून गुजराती येणारच हे त्याला लगेच कळतं. मग ते इंग्रजीकडे कान देणंच सोडतं. त्यापेक्षा तास वाटून घ्यायचा. अर्ध्या तासाची गोष्ट असेल तर पहिली ५ मिनिटं मुलाच्या भाषेत चित्रांवर गप्पा, मधली २० फक्त इंग्रजी (वस्तू, हातवारे, आवाज चालतील, भाषांतर नाही), शेवटची ५ पुन्हा मुलाच्या भाषेत. त्या शेवटच्या पाचांत बोलायचं मुलांनी, बेननी नाही. काय कळलं नि काय हुकलं ते तिथेच समजतं. आणि पुस्तक आठवडाभर एकच ठेवायचं. रोज नवी गोष्ट आणली तर मुलांना शब्द परत भेटतच नाहीत.

पाटीपेन्सिल
ग म न ज चा विषय निघालाच आहे तर. गुजरातीत पहिलीला क ख ग घ या क्रमाने जात नाहीत. ग म न ज, मग व र स द, असे चार-चारचे गट. कारण साधं आहे. चार अक्षरांतच मन, जन, नमन, गगन वाचता येतात. क ख ग घ ङ मधून मूल काय वाचणार?

मराठी मुलाचं अडतं ते अक्षरावर नाही, अर्थावर. 'मगन, जम' हे ते धडाधड वाचतं, पण जम म्हणजे जेव हे त्याला ठाऊक नसतं. शेजारचं गुजराती मूल मात्र हसत असतं. म्हणून त्या गटातले शब्द वाचनाच्या आधी तोंडी झालेले हवेत. जम म्हटलं की घास घ्यायचा, नम म्हटलं की वाकायचं. दिवसाला ४-५ शब्द, पुष्कळ झाले.

घरच्यांनी एवढंच करावं: मे महिन्यात बाराखडी घोकून घेऊ नये. काना-मात्रा बेन वर्गात घेतात. आधी घोकलेलं मूल सुरात म्हणतं, पण मधलंच एक अक्षर दाखवलं की थेट 'क'पासून म्हणायला लागतं.

मांडवीकर
अगदी. सुरात सगळं येतं, बोट ठेवलं की बोंब.

रेघ_कुठे_गेली
लिपीचं लिहितो. शिरोरेघ काढली की ग, म, न, त, प, व, स ही मराठीसारखीच राहतात. क, ख, च, ज, झ, फ, अ, इ ही नव्याने शिकायची. म्हणजे खरी मेहनत मोजक्या अक्षरांची आहे, पण तिन्ही लिप्या एकदम सुरू केल्या तर तीही होत नाही. चालणारा क्रम असा: आधी गुजराती वाचन, तोवर इंग्रजी फक्त कानातोंडाने. गुजराती दोन-तीन अक्षरी शब्द सुटे वाचता आले की इंग्रजी अक्षरं. मराठी वाचन त्याहून उशिरा घरी घेतलं तरी चालतं. मराठी बोलणं थांबवायचं नाही, ते वेगळं.

हमखास चुकणाऱ्या जागा:
गुजराती घ आणि ध. फरक एवढासा आहे, म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात देऊ नयेत. एक पक्कं झाल्यावर दुसरं.
गुजराती दोनचा आकडा आणि र, पाचचा आकडा आणि प. जवळपास एकच आकार. गणिताच्या वहीत मूल 'प' वाचतं तेव्हा ते चुकत नसतं, त्याला दिसतं तसंच वाचत असतं.
वही. देवनागरी वरच्या रेघेला टांगलेली, इंग्रजी खालच्या रेघेवर बसलेली. दोन्हींना एकच दोन-रेघी वही दिली की अक्षरं तरंगतात. इंग्रजीला चार-रेघी, आणि पहिलीला रेघांमधलं अंतर मोठं हवं.

अलकापुरी_आई
चार-रेघी पण मोठ्या अंतराची कुठे मिळते? सगळीकडे बारीकच दिसते 😕

रेघ_कुठे_गेली
दुकानात 'बालवाटिकेची' म्हणून मागा, मिळेल. नाहीतर कोऱ्या वहीत स्केचपेनने आखा. वरचं नि खालचं घर एका रंगाचं, मधलं दुसऱ्या.

सेवउसळ_झिंदाबाद
विषयाला सोडून आहे, पण डब्यात लीलो चेवडो देऊ का? नास्त्याच्या सुट्टीपर्यंत मऊ पडतो का?

मांडवीकर
तो मुळातच मऊ असतो हो!! पण ओलसर आहे, उन्हाळ्यात नको. आणि दफ्तरात तिरका झाला की इंग्रजीच्या वहीला तेल.

आकडेमोड
आकड्यांकडे कुणी वळलंच नाही. दोन भाषांच्या शाळेत तिथेही बराच गोंधळ होतो.

मराठीत नि गुजरातीत 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो, वीस मागून. मूल ऐकतं तसं लिहितं, म्हणजे १२. इंग्रजीत एकवीसला उलट, वीस आधी. पण तेरा ते एकोणीस इंग्रजीतही एकक आधी. म्हणजे एकाच मुलाच्या कानावर दोन दिशा. वर एकोणसाठ, गुजरातीत ओगणसाठ. कानाला साठ ऐकू येतं आणि हात ६९ लिहितो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक' आणलं होतं ते याच अडचणीपायी, त्यावर किती रणकंदन झालं ते आठवत असेल.

उपाय घोकंपट्टी नाही. दशकाचं लांब कार्ड (१०, २०, ३०…) आणि एककाचं निम्म्या लांबीचं कार्ड. वीसच्या कार्डातल्या शून्यावर एकचं कार्ड ठेवलं की २१ दिसतात. सोबत आइस्क्रीमच्या काड्या, दहाची जुडी रबर लावून. बेन 'एकवीस' म्हणतात, मूल आधी २ जुड्या उचलतं, मग १ सुटी काडी, मग कार्ड, आणि लिहायचं सगळ्यात शेवटी. उचलण्याचा क्रम नि लिहिण्याचा क्रम एक झाला की उलटापालट कमी होते.

९९ पर्यंत मोजणी पक्की होईतो आकड्यांची नावं एकाच भाषेत ठेवावीत. निपुण भारतच्या (लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीची केंद्र सरकारची मोहीम) लक्ष्यांत पहिलीअखेर ९९, दुसरीअखेर ९९९ आहे, म्हणजे घाई करायचं कारण नाही. दुसरी भाषा मग पटकन येते, कारण संख्या कळलेली असते.

अजून एक: देवनागरी-गुजराती १ आणि इंग्रजी ९, तसंच आपला ४ आणि इंग्रजी ८ यांची गल्लत. उत्तर चूक आलं तर आधी बघा, बेरीज चुकली की आकडा दुसऱ्या लिपीत शिरला.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या
एकोणऐंशी मोठ्यांनाही येत नाही. भाजीवालाही 'सेव्हन्टी नाइन' म्हणतो 😄 बाकी वाचते नंतर, गॅसवर आहे.

बोबडे_बोल
मूल शाळेत बोलतच नाही ही तक्रार जुलैत येणारच, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात गप्प राहतात. ऐकत असतात, सूचना पाळतात, खुणेने उत्तर देतात. या काळात 'बोल ना, बोल ना' करून उभं करायचं नाही. प्रश्न असे हवेत की बोट दाखवून उत्तर देता येईल: 'लाल कोणता?' नंतर हो-नाही. नंतर दोनांतून एक: 'सफरजन की केळं?' त्यानंतरच 'हे काय आहे?' बेन थेट चौथ्या पायरीवर उभ्या असतात नि मूल पहिलीवर, म्हणून शांतता.

काळजी कधी करायची? मूल घरी मराठीतही मागे असेल तर. दोन वर्षांचं होईतो दोन शब्द जोडून बोलणं, तीनपर्यंत छोटी वाक्यं, हे मराठीत झालं असेल तर शाळेतलं मौन भाषेचं आहे. नसेल झालं तर थांबू नका, पहिली तपासणी कानांची. सर्दीने कानात पाणी साचलेली मुलं 'लक्ष देत नाहीत' म्हणून मागच्या बाकावर जातात. आणि शब्द मोजताना मराठी-गुजराती मिळून मोजा. एकाच भाषेचे मोजले तर प्रत्येक दुभाषी मूल कच्चं ठरेल.

अलकापुरी_आई
थँक्यू काकू. पण आमच्या शाळेच्या मीटिंगमध्ये सांगतात घरी इंग्रजीच बोला. मग?

बोबडे_बोल
जी भाषा आईवडिलांना सहज येते तीच बोला. मोडक्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढंच होतं, 'का', 'कसं', 'नाहीतर काय झालं असतं' हे होत नाही. विचार करायची भाषा तिथे घडते. दुभाषी शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांची मांडणी शिक्षकांना माहीत असते: खेळण्या-बोलण्याची दुसरी भाषा साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाची यायला ५ ते ७ लागतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं आहे. मीटिंगमध्ये वाद नको घालू ताई, 'गोष्ट आम्ही मराठीत वाचतो, तुम्ही शब्दांची यादी पाठवा' एवढं म्हण.

पाटीपेन्सिल
+१. आणि आता गुजराती शिकवणं २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सगळ्याच शाळांना आलं आहे, इंग्रजी माध्यम घेतलं तरी सुटका नाही. सुटका हवी कशाला म्हणा, बडोद्यात राहायचं नि गुजराती नको?

फतेगंजचा_आवाज
इंग्रजी ध्वनींबद्दल. आपल्या लिपीत प्रत्येक अक्षरात 'अ' दडलेला असतो. त्यामुळे मूल बी-ए-टी जोडताना 'ब-ॲ-ट' म्हणतं आणि हाती काहीतरी 'बॲट' लागतं. ध्वनी शिकवताना ब् आणि ट् अर्धेच तोडायचे. सोपं जावं म्हणून सुरुवात लांबवता येणाऱ्या ध्वनींनी: एस, एम, एन. स्‌स्‌स् लांबवता येतो, ब् लांबवता येत नाही, लांबवला की 'बSS' झालाच. पुष्कळ शाळा एस, ए, टी, पी, आय, एन असा पहिला गट घेतात. त्यात लगेच शब्द होतात, ग म न ज चीच युक्ती. बी आणि डी मात्र एकाच आठवड्यात देऊ नका.

उलट अडचण आपल्याकडेही आहे. 'कि'मधली वेलांटी कागदावर आधी, तोंडात नंतर. श्रुतलेखनात ती अक्षराच्या मागे पडते. त्याला 'निष्काळजी' असा शेरा देऊ नये, इंग्रजीची सवय आत शिरलेली असते.

जुनं_बडोदं
थोडं आडवळण. सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण आधी अमरेलीत करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात लागू केलं. या गावात गुजराती नि मराठी शाळा शेजारी-शेजारी चालत आल्या. आणि भावनगरच्या गिजुभाईंबरोबर बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आपल्याच मराठी. दोन भाषांचं बालशिक्षण आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला नको.

सेवउसळ_झिंदाबाद
वा काका. पण चेवड्याचं ठरलं नाही अजून.

कुकरच्या_तीन_शिट्ट्या
परत आले. भाकरवडी द्या, मिटवा विषय.
वाचनाची परीक्षा घरी कशी घ्यायची ते कुणी सांगेल का? धडा तर पाठच असतो.

आकडेमोड
म्हणूनच धडा घ्यायचा नाही. न पाहिलेला उतारा, १ मिनिट, बरोबर वाचलेले शब्द मोजा. निपुणच्या हिशेबाने दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६०, तिसरीअखेर किमान ६०. पहिलीला वेगच पाहू नका, ४-५ सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचलं तरी पुरे. हे आकडे मूल ज्या भाषेत शिकतंय तिचे, नुकत्याच सुरू झालेल्या इंग्रजीला लावू नका.

मग प्रश्न विचारा, आणि उत्तर मराठीत देऊ द्या. गुजराती उतारा वाचून मराठीत नीट सांगितलं तर समज पक्की आहे, फक्त गुजराती बोलणं मागे आहे. मराठीतही सांगता आलं नाही तर वेग कितीही असो, नुसतं अक्षर जोडणं चाललंय. दोन्हींचे इलाज वेगळे. पहिल्याला गप्पा नि खेळ हवेत, दुसऱ्याला सोपं पुस्तक. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हे दोन रकाने वेगळे नसतील तर बेनना तोंडी विचारा, बहुतेक बेन सांगतात.

अलकापुरी_आई
हे लिहून घेतलं. वय विचारायचं होतं, सहा पूर्ण १ जूनलाच लागतात ना? आमचं पोर ऑगस्टचं.

पाटीपेन्सिल
हो, पहिलीला १ जूनला सहा पूर्ण हवीत, गुजरातमध्ये २०२३-२४ पासून. ऑगस्टवाला यंदा बालवाटिकेत. बरंच आहे, तेवढं गुजराती कानावर पडेल.

अलकापुरी_आई
ओके. व्हॅनचं कुणाला माहिती आहे का, अलकापुरीतून सव्वाबाराची शिफ्ट?

मांडवीकर
त्याचा वेगळा धागा काढा ताई, इथे हरवेल.