मदत हवी आहे : ब्लॅकगार्ड घेतलाय, तळघर बांधलंय, तरी सगळं अन्न सडतंय

रात्रपाळी
लवकर सांगा प्लीज, आज रात्री परत सर्व्हरवर जायचंय. गेममध्ये मारामारीला बरा म्हणतात म्हणून ब्लॅकगार्ड हा क्लास (पात्राचा प्रकार) घेतला. भूक इतकी लागते की दिवसभर खाण्याच्या मागेच फिरतोय. म्हणून तळघर खणलं, चांगलं बांधून काढलं, सगळा साठा त्यात नेऊन ठेवला. तरी सडतंय. गेममधला ऑक्टोबर संपत आला, पुढे शेत उगवणार नाही. क्लास बदलू की तळघर पाडून दुसरीकडे बांधू? दोन्ही करायला वेळ नाही. जमिनीच्या खाली आहे म्हणजे थंड असायलाच हवं ना?

गवंडी
गेम कोणता?

तिखटमीठ
माइनक्राफ्टमध्ये अन्न सडत नाही आणि क्लासही नसतात. म्हणजे मॉड (गेमला बाहेरून जोडलेली भर) टाकलाय. मॉडचं नाव सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

निवांत_पाटील
हा सेव्हन डेज टू डाय असणार. माझा अनुभव सांगतो, उपयोगी पडेल. त्यात जमिनीखाली बांधायच्या फंदात पडू नका, दर सातव्या रात्री झोंबींची झुंड येते आणि ती खणत खाली पोचते. उंचावर बांधा, पण खांब थेट खडकापर्यंत न्या. त्या गेममध्ये प्रत्येक ठोकळ्याला वजन आहे. आधाराशिवाय आडवं किती पुढे जाता येईल ते ठोकळा कशाचा आहे त्यावर ठरतं. लाकूड सगळ्यात आधी दगा देतं, मग दगडगोटे, काँक्रीट बरंच पेलतं, पोलाद सगळ्यात जास्त. लोक मोठ्ठी गच्ची काढतात आणि खालचा एक खांब झोंबींनी फोडला की सगळं घर एका दमात खाली येतं. चार खांबांऐवजी नऊ घाला आणि प्रत्येक खांब दोन ठोकळे जाड ठेवा. क्लासचं म्हणाल तर मी आधी सगळे पॉइंट स्ट्रेंग्थला टाकतो, खाणकाम वेगाने होतं.

तिखटमीठ
पाटील, मूळ सेव्हन डेजमध्येही अन्न सडत नाही. आणि ब्लॅकगार्ड नावाचा क्लास तिथे कुठून आला?

निवांत_पाटील
सडत नाही हे मान्य. खांबांचं मात्र सांगितलं ते त्या गेमपुरतं खरंच आहे.

रात्रपाळी
विंटेज स्टोरी! ब्लॅकगार्ड आणि तळघर म्हटल्यावर अजून कोणता असणार? खांबांचं कोणी विचारलेलं नाही.

डोंगरवाट
आता बोलता येईल. एवढं सांगा : तळघराचं आतलं माप (लांबी, रुंदी, उंची, भिंती सोडून). भिंती, जमीन आणि छत कशाचं. आत उतरता कुठून, आणि ती वाट बंद होते का. अन्न कशात ठेवलंय. मॉड आहेत का. आणि अन्न ठेवलेल्या वस्तूकडे नजर रोखली की नासण्याचा वेग म्हणून आकडा दिसतो, तो किती आहे.

रात्रपाळी
आत ८ बाय ६, उंची ३. चेस्टमध्ये (साध्या पेटीत) ठेवलंय. मॉड नाहीत. आकडा ०.९ च्या आसपास.

पाटीपेन्सिल
मिळालं उत्तर. तळघर ७ बाय ७ बाय ७ पेक्षा मोठं चालत नाही. तुमचं ८ आहे. एक रांग भरून टाका, काम झालं.

डोंगरवाट
थांबा, रांग भरू नका. ७ हा साधा नियम आहे, पण त्याला सवलत आहे. एका दिशेने ९ पर्यंत जाता येतं, अट एवढीच की आतला एकूण घनफळाचा आकडा १५० च्या वर जाता कामा नये. ८ गुणिले ६ गुणिले ३ म्हणजे १४४. माप बसतंय. दोष दुसरीकडे आहे, आणि माझ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत. भिंती कशाच्या?

पाटीपेन्सिल
मी कायम ५ बाय ५ बांधतो आणि कधी त्रास झाला नाही. सवलतीच्या काठावर कशाला बांधायचं?

डोंगरवाट
लहान बांधलेलं चांगलंच. पण त्यांचं बांधून झालंय आणि हिवाळा तोंडावर आहे. नियमात बसत असताना अर्धा दिवस भराव टाकण्यात घालवायला का सांगायचं?

अबोली
मुळात क्लास चुकलाय, त्यावर कोणीच बोलत नाहीये. ब्लॅकगार्डला भूक ३० टक्के जास्त वेगाने लागते. शिवाय रानातून गोळा करताना त्याच्या हाताला कमी लागतं. म्हणजे खर्च जास्त आणि आवक कमी. तळघर कितीही चांगलं करा, हे गणित जुळत नाही. कॉमनर घ्या, त्याला ना फायदा ना तोटा. बदलणं अवघड नाही. सर्व्हर ज्याचा आहे त्याला चॅटमध्ये हे टाकायला सांगा : स्लॅश प्लेयर, पुढे तुमचं खेळातलं नाव, पुढे अलाऊकॅरसेलवन्स (सगळं जोडून एक शब्द). मग तुम्ही डॉट कॅरसेल टाका, क्लास निवडायची खिडकी पुन्हा उघडेल. मी हंटर घेऊन अशीच अडकले होते. धनुष्याला उत्तम, पण खाणीत गेलं की हात चालत नाही. कॉमनर केला आणि खेळायला मजा यायला लागली.

कावळा_उवाच
अबोलीताई, कमांड बरोबर आहे, सल्ला पटत नाही. ब्लॅकगार्डला भूक जास्त लागते, पण त्याच्या अंगात जीव जास्त आणि हातघाईत मारही जास्त बसतो. मित्रांच्या सर्व्हरवर लांडगा किंवा ड्रिफ्टर (गेममधला राक्षस) आला की पुढे उभं राहायला कोणीतरी हवंच. क्लास ठेवा आणि भूक कमी करा. भूक फक्त क्लासने वाढत नाही. रात्रपाळी, डाव्या हातात काय धरता?

रात्रपाळी
मशाल. कायम. अंधारात दुसरं काय धरणार? भिंती ओकच्या फळ्यांच्या आहेत, जमीन आणि छत पण. मस्त दिसतं. मध्ये शिडी आहे, वर भोक. आता सांगा.

कावळा_उवाच
तीच ती. डाव्या हातात काहीही धरलं की भूक आणखी २० टक्के वाढते. क्लासचे ३० आहेतच. वर चिलखत घालून फिरत असाल तर त्याचे वेगळे. घराच्या आसपास मशाली भिंतींना ठोका, हात रिकामा ठेवा, चिलखत फक्त लढाईला घाला. आणि कच्चं खाऊ नका. मातीच्या भांड्यात शिजवलेलं जेवण खाल्लं की काही काळ भूक लागतच नाही. मूठभर बेरी खाऊन पळत सुटण्यात आणि वाडगाभर रस्सा खाण्यात दिवसाचा फरक पडतो.

अबोली
डावा हात रिकामा ठेवून गुहेत जाऊन दाखवा.

कावळा_उवाच
गुहेत धरावीच लागते. शेतात भरदुपारी कशाला?

डोंगरवाट
आता चित्र पूर्ण झालं. दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही तळघराच्याच.

पहिली, ते भोक. गेम आधी बघतो की जागा सगळ्या बाजूंनी बंद आहे का. वर आभाळ उघडं असेल तर ती खोलीच धरली जात नाही. जमिनीखाली किती खोल आहात याला मग काही अर्थ उरत नाही, तो खड्डा ठरतो. शिवाय भोकातून सूर्यप्रकाश आत येतो आणि त्यानेही वेग वाढतो. मशालीच्या उजेडाने काही होत नाही, ती खुशाल लावा. भोक बुजवा, बाजूने पायऱ्या काढा आणि साधं लाकडी दार बसवा. एका दाराचं लाकूड फारसं नडत नाही.

दुसरी, फळ्या. भिंतीचा प्रत्येक ठोकळा गेम मोजतो. माती, दगड, वीट यांनी थंडावा येतो. लाकडाने खोली बंद होते पण थंडावा येत नाही. तुमच्याकडे सहाही बाजूंनी ओक आहे, म्हणजे भोक बुजवून बंद खोली झाली तरी तळघराचा फायदा मिळणार नाही.

पाटीपेन्सिल
मग फळ्या उखडा की, मागे माती आणि खडक आहेच. दहा मिनिटांचं काम.

डोंगरवाट
अजिबात नको! हेच मला आधीपासून सांगायचं होतं. आतलं माप ८ बाय ६ बाय ३ फळ्या धरून नाही, फळ्यांच्या आतलं आहे. एकेक थर सगळीकडून उखडला की ते १० बाय ८ बाय ५ होईल. १० म्हणजे ९ ची सवलतही गेली आणि घनफळ ४००. आज जे बसतंय ते उद्या बसणार नाही. फळी काढायची आणि त्याच जागी लगेच दुसरा ठोकळा लावायचा, एकामागून एक. कोबलस्टोन (दगडगोट्यांचा ठोकळा) सगळ्यात सोपा, दगड आणि चिकणमाती लागते. चिकणमाती पुरत नसेल तर पॅक्ड डर्ट (घट्ट दाबलेली माती) लावा, तीही चालते. छत आधी करा, मग भिंती, जमीन शेवटी. कोपरे जपून बघा, एखादी फट राहिली तर सगळी मेहनत फुकट जाते. सर्व्हरवाल्याला स्लॅश डीबग रूम्स हाय टाकायला सांगा. खोली धरली गेली असेल तर तेवढी जागा रंगीत होऊन दिसते. पुन्हा पूर्ववत करायला हायच्या जागी अनहाय.

पाटीपेन्सिल
हे मापाचं खरं आहे. माझं ५ बाय ५ असल्याने कधी अडलं नाही एवढंच.

गवंडी
चेस्टबद्दल कोणी बोललं नाही. चेस्ट काढा आणि स्टोरेज व्हेसल घ्या, तो मातीचा मोठा रांजण. धान्य त्यात निम्म्या वेगाने नासतं आणि भाजी पाऊण वेगाने. चेस्टमध्ये यातलं काही मिळत नाही. तळघराचा थंडावा वेगळा, रांजणाचा फायदा त्याच्यावर. शिजवलेलं जेवण क्रॉकमध्ये (मातीच्या बरणीत) भरून चरबीने किंवा मेणाने तोंड बंद करा, हिवाळाभर निर्धास्त. उघड्या भांड्यात ठेवलेला रस्सा मात्र लगेच जातो.

सांगलीकर
मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, धागा वाचला म्हणून लिहितो. आमच्याकडे हरिपूरला हळदीची पेवं असायची, जमिनीत खोल खणलेली. हळद भरली की तोंड पक्कं बंद करायचे, ते बंद होण्यावरच सगळं अवलंबून. उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आतली हवा श्वास घ्यायलायक नसते. तुमच्या शिडीच्या भोकाचं वाचून तेच आठवलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवं आता फार उरली नाहीत याचं वाईट वाटतं. कोणाकडे चालू पेवाचे फोटो असतील तर जरूर टाका.

तिखटमीठ
छान माहिती. नवीन धागा काढा ना यावर, इथे हरवून जाईल.

मोरपंखी
हिवाळ्याची तयारी चालली आहे तर कपड्यांचं बघितलं का? उपाशी मरण्याआधी गारठून मराल. कपडे झिजत गेले की ऊब देत नाहीत, वेळीच दुरुस्त करा. आमच्या गटात एकाने टेलर हा क्लास घेतलाय, तो सगळ्यांचे कपडे करतो. मी तर म्हणेन गटात एक टेलर हवाच.

रात्रपाळी
कपडे आहेत. मला अन्नाचं सांगा. नोव्हेंबर संपायच्या आत सगळ्या फळ्या बदलून होतील का?

डोंगरवाट
सेटिंग बदललेलं नसेल तर महिना ९ दिवसांचा आणि एक दिवस साधारण ४८ मिनिटांचा. म्हणजे अख्खा नोव्हेंबर खेळायला सात तासांच्या थोडं वर लागतात. ठोकळे दीडशेच्या वर बदलायचे आहेत. माती खणून पॅक्ड डर्ट केलीत तर एका बैठकीत होईल. आधी भोक बुजवा, मग छत. बाकी नंतर झालं तरी चालेल. आणि जे सडलंय ते फेकू नका, बॅरलमध्ये भरून कंपोस्ट होतं, वसंतात शेताला लागेल.

रात्रपाळी
भोक बुजवलं, दार लावलं. छत आणि तीन भिंती पॅक्ड डर्टच्या झाल्या. धान्य रांजणात हलवलं, मशाल हातातून काढली. रांजणावर आता ०.४ दिसतंय, आणि चौथी भिंत व जमीन अजून ओकचीच आहे. क्लास तोच ठेवतोय. थँक्यू डोंगरवाट, कावळा, गवंडी.

अबोली
चांगलं झालं. तरी फेब्रुवारीत ३० टक्के जाणवतील तेव्हा कमांड इथे लिहिलेली आहे.

डोंगरवाट
०.४ मध्ये रांजणाचा वाटा आहे. चेस्टमधल्या मांसाचा आकडाही बघा, तळघराची खरी परीक्षा तिथे होते. आणि उरलेली भिंत सोडू नका. आत्ता बाहेर गारठा आहे म्हणून आकडा आपोआप खाली दिसतो. उन्हाळ्यात ओक नडेल.

पाटीपेन्सिल
याच तळघराच्या वर काचेचं ग्रीनहाऊस बांधलं तर चालेल का? मलाही तेच करायचंय. वरून ऊन खाली तळघरात जाणार नाही ना?

डोंगरवाट
मध्ये अखंड मातीचा किंवा दगडाचा थर असेल तर नाही जाणार. ग्रीनहाऊस ही वेगळी खोली धरली जाते, तिला कोणत्याही दिशेने १४ पर्यंत मुभा आहे. पिकांना ५ अंश ऊब जास्त मिळते. फक्त तळघराच्या छतात शिडीसाठी भोक ठेवू नका.