फोटोशॉपवर रॅमची तुलना: १६ जीबीची एक स्टिक की ८ जीबीच्या दोन?

प्रश्न
नमस्कार. मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. माझ्या डेस्कटॉपमध्ये डीडीआर४-३२०० प्रकारची (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) १६ जीबीची एकच स्टिक आहे. मित्राच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, त्याही ३२०० वेगाच्या, आणून फोटोशॉपमध्ये तीच फाइल आणि तोच रेडियल ब्लर (चित्र गोलाकार धूसर करणारा फिल्टर) वापरून वेळ मोजला. परंतु दर वेळी निराळा आकडा येतो आणि फरकही नगण्य दिसतो. तुलना नेमकी कशी करावी?

उत्तर १
रेडियल ब्लरचा भार प्रामुख्याने प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे रॅम बदलल्याचा परिणाम त्यात फारसा उमटत नाही. त्याऐवजी आपल्या रोजच्या कामातले काही, उदाहरणार्थ आठ-दहा फोटो जोडून पॅनोरमा करणे, कसोटीला घ्यावे. इतर प्रोग्रॅम बंद करावेत, प्रत्येक फेरीआधी ‘एडिट’मधील ‘पर्ज’ वापरून इतिहास रिकामा करावा आणि पहिल्या फेरीचा आकडा सोडून द्यावा, कारण त्या वेळी फाइल डिस्कवरून वाचली जात असते. पुढच्या पाच फेऱ्यांतला मधला आकडा धरावा.

त्याआधी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग अवश्य पाहावा. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या घोषित वेगाने चालवण्याची सोय, सुरू नसेल, तर ३२०० ची स्टिकही कमी वेगाने चालू शकते.

उत्तर २
वरील पद्धत योग्य आहे, पण मला प्रश्नाची मांडणीच अपुरी वाटते. चॅनेल म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातील वाट; एकच स्टिक असली की एक वाट वापरली जाते, जोडीने दोन बसवल्या की दोन. एका चॅनेलवर ३२०० ची रॅम सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती वाहते आणि दोन चॅनेलवर ५१.२ जीबी; हा फरक खरा असला, तरी रॅम पुरत असेल तोवरच त्याला अर्थ आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये (प्रत्येक रंगासाठी १६ बिट) उघडला, की पूर्ण भरलेला एक थर (लेयर) सुमारे १४४ एमबी घेतो, म्हणजे असे दहा थर झाले की जवळजवळ दीड जीबी. त्यात मूळ मांडणीप्रमाणे इतिहासाच्या ५० पायऱ्या, शिवाय एकाच वेळी उघडलेल्या चार-पाच फाइली. फोटोशॉप उपलब्ध रॅमपैकी साधारण ७० टक्केच स्वतःसाठी घेते, आणि ती संपली की स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे डिस्कवरील तात्पुरत्या जागेत, काम सुरू होते. डिस्क कितीही वेगवान असली, तरी ती रॅमची बरोबरी करू शकत नाही.

खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत ‘एफिशियन्सी’ (किती टक्के काम रॅममध्येच होते ते दाखवणारा आकडा) निवडून नेहमीचे काम करावे. आकडा १०० च्या खाली घसरत असेल, तर अडचण वेगाची नसून क्षमतेची आहे.

प्रश्नकर्ता
आपण दोघांचे मनःपूर्वक आभार. मित्राच्या स्टिक २६६६ वर चालत होत्या, म्हणजे माझी तुलना मुळातच सदोष होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कालच्या अल्बमचे काम करताना एफिशियन्सी १०० वर क्वचितच राहिली.

उत्तर २
मग आहे त्याच मॉडेलची १६ जीबीची आणखी एक स्टिक घ्यावी आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्या स्लॉटमध्येच बसवावी. क्षमता ३२ जीबी होईल आणि दुसरा चॅनेलही आपोआप मिळेल.