सर्वोच्च पद सोडण्याची वेळ कोणती, आणि ती कोणी ओळखायची?

उत्तरायण

‘शिखरावर असतानाच पायउतार व्हावे’ असे सांगणारे एक टिपण परवा या चर्चापीठावर आले आणि त्याखाली सहमतीची रांग लागली. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या सकाळी कामावर जाण्याचा उत्साह वाटत नाही ती सकाळ राजीनाम्याची समजावी, आणि तोपर्यंत निर्धास्त राहावे. हा निकष मला अपुराच नव्हे, तर घातक वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मी एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत अकरा वर्षे मुख्य कार्यकारी अधिकारी होतो. त्यांतली शेवटची दोन वर्षे मी तेथे असायला नको होतो, हे मला पद सोडल्यानंतर उमगले. उत्साह म्हणाल तर तो अखेरच्या दिवसापर्यंत टिकून होता. किंबहुना अडचण तीच होती, कारण उत्साही माणसाला आपले काही चुकते आहे अशी शंकाच येत नाही. विक्री वाढत होती, नफा ठीक होता, संचालक मंडळ समाधानी होते. पूर्वी एखादे यंत्र बंद पडले किंवा मोठा ग्राहक नाराज झाला, तर ती बातमी त्याच दिवशी माझ्यापर्यंत येत असे. पुढे ती आठवड्याने, आणि तीही सगळे कंगोरे घासून, उपायासकट येऊ लागली. माणसे जबाबदार झाली असे मला वाटले. प्रत्यक्षात मला काही सांगण्याचाच त्यांना कंटाळा आला होता. कोणी नवी कल्पना मांडली की माझे पहिले वाक्य असे, ‘हे आपण पूर्वी करून पाहिले आहे.’ ते बहुधा खरेही असे, आणि म्हणूनच त्यापुढे कोणाला बोलता येत नसे. एकाच वर्षात दोन उत्तम विभागप्रमुख सोडून गेले; दोघांनीही घरगुती कारण सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणे सोयीचे होते.

त्यातच, संस्थेला ज्या जुन्या निर्णयांची फेरतपासणी करावी लागणार होती, त्यांतले बहुतेक माझेच होते. प्रत्येक वेळी मी तपासनीस होण्याऐवजी त्या निर्णयांचा वकील झालो.

न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी जानेवारी २०२३ मध्ये, हे काम पेलण्याइतके बळ आपल्यात उरलेले नाही असे सांगून पद सोडले, याचे त्या टिपणात मोठे कौतुक आहे. ते मलाही मान्य आहे. परंतु थकवा ही त्यातल्या त्यात सोपी खूण झाली. ज्यांना थकवा जाणवतच नाही, त्यांनी आपली वेळ समोरच्यांच्या मौनावरून ओळखावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताळेबंद

मौनाचा निकष ऐकायला चांगला आहे, परंतु तुमच्या आणि त्या टिपणाच्या लेखकाच्या म्हणण्यात मला एकच दोष दिसतो: दोघेही जाणाऱ्या माणसाविषयीच बोलत आहात. मी एका कंपनीत वित्त विभागाची प्रमुख होते. आमच्या प्रमुखांनी मोठे कर्ज काढून विस्तार केला, नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, आणि त्यानंतर आठ महिन्यांत ते ‘योग्य वेळी’ पायउतार झाले. निरोपसमारंभात त्यांच्या निर्मोही वृत्तीचे गुणगान झाले. कर्जाचे हप्ते सुरू झाले ते नंतर. ज्या मागणीच्या भरवशावर विस्तार केला होता ती आलीच नाही, एक विभाग बंद करावा लागला, आणि कामावरून कमी केल्याची पत्रे देताना नव्या प्रमुखांच्या शेजारी मी बसले होते. त्या पत्रांवर सही नव्या माणसाची होती. जुन्या प्रमुखांना आजही सगळे आदराने आठवतात, आणि हे मला अजून सहन होत नाही.

तेव्हा ‘शिखर’ या शब्दाचाच मला तिटकारा आहे. आपल्या मोठ्या निर्णयांचे परिणाम हिशेबात उतरेपर्यंत प्रमुखाने थांबले पाहिजे, मग लोक त्याच्याशी बोलोत किंवा न बोलोत. स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी २००० मध्ये मुख्य कार्यकारी पद सोडले, २००८ मध्ये ते परत आले, २०१७ मध्ये पुन्हा सोडले आणि २०२२ मध्ये हंगामी प्रमुख म्हणून तिसऱ्यांदा आले. पद सोडल्याने काम संपत नाही, हे यावरून दिसते.

दुसरी खुर्ची

‘हाती घेतलेले काम पुरे करून जातो’ हे वाक्य मी आमच्या प्रमुखांकडून नऊ वर्षांत चार वेळा ऐकले आहे, त्यामुळे ताळेबंद यांचा प्रतिसाद मला शांतपणे वाचता आला नाही. मी उपप्रमुख होतो. प्रमुखांनंतर हे पद माझे, असे मला पहिल्याच वर्षी सांगण्यात आले होते. आधी नवा प्रकल्प मार्गी लागायचा होता, मग एक जुना खटला निकाली निघायचा होता, मग संस्थेचा वर्धापन सोहळा आला, आणि शेवटी महासाथ आली. प्रत्येक कारण खरे होते. नवव्या वर्षी संचालक मंडळाने मला सांगितले की आता तरुण नेतृत्व हवे आहे.

मोठ्या संस्थांतही हेच घडते. जनरल इलेक्ट्रिकचे जॅक वेल्च यांनी हनीवेल ही कंपनी विकत घेण्याच्या व्यवहारासाठी आपली निवृत्ती पुढे ढकलली; युरोपीय आयोगाने जुलै २००१ मध्ये तो व्यवहारच नाकारला. डिस्नेचे बॉब आयगर २००५ पासून प्रमुख होते आणि त्यांच्या निवृत्तीची तारीख अनेकदा पुढे सरकली. त्यांची जागा घेतील असे मानले गेलेले टॉम स्टॅग्ज २०१६ मध्ये निघून गेले. ताळेबंद ज्याला जबाबदारी म्हणतात, ती पुष्कळदा खुर्चीची सवय असते. परिणाम दिसेपर्यंत थांबायचे, तर प्रत्येक वर्षी एक नवा निर्णय होतो आणि त्याचे परिणाम दिसायला आणखी तीन वर्षे लागतात. मग जायचे कधी?

ताळेबंद

ज्या माणसांच्या हाती मी पत्रे दिली त्यांच्याविषयी मी लिहिले, आणि त्यावर ‘खुर्चीची सवय’ असे उत्तर येते, याचा मला संताप येतो. मी कधीही प्रमुख नव्हते, त्यामुळे खुर्ची सोडवत नाही म्हणून मी हा युक्तिवाद करते असे कोणी समजू नये. आपल्यावर अन्याय झाला हे मान्य. परंतु आपल्याला पद मिळाले नाही, म्हणून थांबणारा प्रत्येक माणूस लोभी ठरत नाही. वेल्च यांचेच उदाहरण पुरते सांगायचे, तर नोव्हेंबर २००० मध्ये त्यांचे वारस म्हणून जेफ इमेल्ट यांची निवड होताच स्पर्धेतले उरलेले दोघे बाहेर पडले. जिम मॅकनर्नी थ्रीएममध्ये गेले आणि बॉब नार्डेली होम डेपोमध्ये. कोणी वेळेवर गेले किंवा उशिरा गेले, तरी एका जागेसाठी तिघे वाट पाहत असतील तर दोघांची निराशा ठरलेलीच असते.

विश्वस्त

आपण सर्व जण हा निर्णय एकट्या प्रमुखाच्या माथी मारत आहात. मी दोन संचालक मंडळांवर काम केले आहे, आणि मंडळे हा प्रश्न किती टाळतात हे जवळून पाहिले आहे. आकडे चांगले असताना ‘आपण कधी जाणार?’ असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, आणि आकडे बिघडल्यावर तोच प्रश्न शिक्षा ठरतो. म्हणूनच मुदत लिहून ठेवलेली असावी, असे माझे मत आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या कंपनी प्रशासन संहितेने मंडळाच्या अध्यक्षांसाठी, मंडळावरील पहिल्या नेमणुकीपासून नऊ वर्षांची सर्वसाधारण मर्यादा घातली. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२१ मध्ये खासगी बँकांच्या व्यवस्थापकीय संचालकांसाठी पंधरा वर्षांची मर्यादा घातली. मुदत ठरलेली असली की जाण्यात कोणाचा अपमान राहत नाही.

ताळेबंद

मुदत ठरली की शेवटची दोन वर्षे कोणताही अप्रिय निर्णय होत नाही, हेही जवळून पाहिले असेलच. कटू कामे पुढच्या माणसासाठी राखून ठेवली जातात आणि अवतीभवतीची माणसे आतापासूनच त्या पुढच्या माणसाकडे पाहू लागतात.

दुसरी खुर्ची

मुदत असो वा नसो, माणूस खरोखर जातो का, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. ती कंपनी सोडल्यावर मी दुसऱ्या एका संस्थेत प्रमुख झालो. माझे पूर्वसूरी ‘सल्लागार’ म्हणून थांबले आणि त्यांचे दालन माझ्या दालनाला लागून होते. बैठक संपली की दोन विभागप्रमुख सरळ तिकडे जात आणि संध्याकाळपर्यंत माझा निर्णय सौम्य होऊन परत येई. ते गृहस्थ सज्जन होते. त्यांनी माझ्याविरुद्ध एक शब्दही कधी उच्चारला नाही. ते फक्त दार उघडे ठेवत. दीड वर्ष मी ते दार पाहत होतो, आणि एका संस्थेला एकाच वेळी दोन प्रमुख असले की माणसे सोयीचा निवडतात, हे मी तेथे शिकलो. डिस्नेतही २०२० च्या फेब्रुवारीत बॉब चेपेक प्रमुख झाले, तेव्हा आयगर कार्यकारी अध्यक्ष म्हणून २०२१ अखेरपर्यंत तेथेच होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चेपेक यांना दूर करून तेच परत आले. पद सोडायची खरी तारीख राजीनाम्याची नसून दालन रिकामे करण्याची असते.

ताळेबंद

हे सरसकट विधान मला मान्य नाही. आमच्या एका मोठ्या ग्राहकाला दरांबाबत दिलेला शब्द कोठेही लिहिलेला नव्हता. जुन्या प्रमुखांनी तो आठ वर्षांपूर्वी तोंडी दिला होता. ते एका दूरध्वनीच्या अंतरावर होते म्हणून तो करार वाचला. संस्थेची अर्धी स्मृती एका माणसाच्या डोक्यात असते आणि आपण ती दारातून बाहेर घालवून देता.

विश्वस्त

आठ वर्षे तो शब्द कागदावर न आणणे हाच त्या प्रमुखांचा दोष होता, आणि त्याच दोषासाठी त्यांना आपण सल्लागार ठेवू पाहता. सुपूर्दीचा काळ हवा, परंतु त्याला शेवट हवा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पदत्यागाची घोषणा केली आणि २८ फेब्रुवारीला पद सोडले, म्हणजे मध्ये केवळ सतरा दिवस गेले. तरीही ते पुढे व्हॅटिकनमध्येच, डिसेंबर २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले, आणि नव्या पोपशी मतभेद असलेले लोक त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी स्वतः काही करण्याची गरज नव्हती. केवळ असणे पुरेसे होते.

दुसरी खुर्ची

उत्तरायण यांना एक प्रश्न आहे. आपण मौनाविषयी इतके मनापासून लिहिले आहे. पद सोडल्यावर आपण कोठे गेलात?

उत्तरायण

मी दोन वर्षे सल्लागार होतो. हे मी मूळ लेखनात लिहायला हवे होते.

नव्या प्रमुखांनी तसा आग्रह केला होता, आणि तो आग्रह मी मनापासूनचा मानला. आता वाटते की माझ्यासमोर त्यांना दुसरे काही म्हणणे शक्यच नव्हते. जुने सहकारी फोन करीत, ‘फक्त आपले मत हवे आहे’ असे म्हणत, आणि मी मत देत असे. एकदा एका पुरवठादाराच्या बाबतीत मी जे म्हणालो ते जसेच्या तसे बैठकीत मांडले गेले आणि नव्या प्रमुखांना आपला निर्णय मागे घ्यावा लागला, हे मला पुष्कळ दिवसांनी तिसऱ्याकडून कळले. त्यांनी मला त्याबद्दल कधीच काही विचारले नाही. म्हणजे ज्या मौनाविषयी मी वर लिहिले, तेच मौन मी पद सोडल्यानंतर पुन्हा निर्माण केले आणि दुसऱ्यांदाही ओळखले नाही.

दुसरी खुर्ची यांचा मुद्दा मी मान्य करतो. ताळेबंद यांनाही एक मान्य करतो: माझ्या शेवटच्या दोन वर्षांत कर्जाचा एक मोठा निर्णय झाला होता, आणि त्याचे हप्ते माझ्यानंतरच्या माणसाने फेडले. वेळेवर गेलो असतो तर तो निर्णय मी घेतलाच नसता. त्यामुळे आपण दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलत आहोत असे मला वाटत नाही.

ताळेबंद

मला मात्र तसेच वाटते. आपण लवकर गेला असता तर तो निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतला असता आणि कदाचित तोही हप्ते सुरू होण्याआधी निघून गेला असता. निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा एकच असावा, या माझ्या मागणीला आपल्या कबुलीने उत्तर मिळत नाही. मोठे कर्ज काढणाऱ्या प्रमुखाने पहिली दोन वर्षे तरी हलू नये, आणि ही अट मंडळाने कर्जाच्या ठरावातच लिहावी, यावर मी ठाम आहे.

सल्लागारपदाबाबतचे माझे म्हणणे मात्र मागे घेते. तो तोंडी शब्द कागदावर असायला हवा होता, आणि तो कागदावर आणण्याचे काम वित्त विभागाचे, म्हणजे माझे होते.